सगळे ठोके एकशे सत्तावीस

चळवळीचं गाणं म्हणजे जोरात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी स्वतःच ठरवलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. घर महाडात, वडील शिक्षक, आणि मी संघटनेची पत्रकं लिहायची. पत्रक म्हणजे अर्ध्या कागदावर मावेल तेवढा संताप. त्यातली प्रत्येक ओळ मला ठळक अक्षरात हवी असायची. प्रेसवाले काका एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, सगळंच ठळक केलंस तर वाचणाऱ्यानं बघायचं कुठे?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

त्यांनी मुकाट्यानं तसं छापलं. मला वाटलं, जिंकले.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिचा रस्ता सरकारी कागदावर पूर्ण झाला होता. खडी, डांबर, मोऱ्या, सगळं कागदावर. प्रत्यक्षात बाई बाळंतपणाला अडली तरी डोलीतून खाली आणायची आणि पोरींनी दहावीनंतर घरी बसायचं. मी पत्रक लिहिलं, 'डांबर कागदावर, दगड पायाखाली'. वाडीपासून पोलादपूरच्या तहसील कचेरीपर्यंत मोर्चा ठरला. पण आमचे तालुक्याचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, त्यांनी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि बाजूला ठेवला.

"डोंगरात हे वाचणार कोण? गाणं कर. सीडी काढू. जीपवर भोंगा लावू आणि आठ दिवस फिरवू."

गाणं मी लिहिलं. कठीण काही नव्हतं. एकानं ओळ टाकायची, लोकांनी उत्तर द्यायचं. 'कागदावरचा रस्ता आमचा पायाखाली येणार कधी?' आणि लोकांनी म्हणायचं, 'येणार कधी गो, येणार कधी?' सीडीत उत्तराची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे जीप जाईल तिथली माणसं ती भरतील. ही कल्पना माझी. तिचा मला फार अभिमान होता.

ढोलासाठी आम्ही कापड्याच्या बाबांना धरलं. साठीच्या पुढचे, भाताची शेती, आणि शिमग्यात पालखीपुढे खालूबाजाचा, म्हणजे सनई-ढोलाच्या ताफ्याचा, ढोल त्यांचा. आमच्याकडे प्रत्येक गावाचा बाजा वेगळा. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळवा, वाद्यं सगळ्यांची तीच. पण पलीकडच्या डोंगरावरून नुसत्या आवाजावर माणसं सांगतात की ही कुणाची पालखी निघाली. हे मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं म्हणजे काहीच माहीत नसणं, हे पुढे कळलं.

बाबा यायला लगेच तयार झाले. वर गावभर सांगून आले की आपला ढोल आता मशीनमध्ये जाणार.

स्टुडिओ महाडच्या बाजारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. दहा बाय दहाची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, एक जुळवलेला संगणक, एक कीबोर्ड आणि एक माइक. चालवणारा पंचविशीतला, लग्नाच्या कॅसेटी जोडण्यात हुशार. त्यानं आधी खराखुरा ढोलच माइकपुढे घेतला. बाबांनी पहिली काठी टाकली आणि खिडकीची काच बोलायला लागली. पडद्यावरचा आवाजाचा काटा लाल होऊन तिथेच चिकटला. तिसऱ्या मिनिटाला खालचे दुकानदार जिना चढून वर आले.

"अहो, गिऱ्हाईक चार मीटर म्हणतंय का सहा मीटर, मला ऐकू येईना. मी काय फाडू?"

मग ढोल कोपऱ्यात गेला आणि कीबोर्ड पुढे आला.

"बाबा, ही पट्टी तुमची काठी आणि ही तुमचा हात," स्टुडिओवाल्यानं दाखवलं. "दोन बोटांनी वाजवा. बोट कुठे पडलं, कधी पडलं आणि किती जोरात पडलं, एवढंच हा संगणक लिहून घेतो. ढोलाचा आवाज त्याच्या पोटात आहे."

बाबांनी एक पट्टी दाबून पाहिली. आतून ढोल वाजला. त्यांनी कीबोर्ड उचलून खालून बघितला.

"ह्यात चामडं कुठं हाय?"

"नाही बाबा, चामडं नसतं."

"मंग तापवायचा कसा?"

आम्ही हसलो. तेही हसले आणि बसले. पहिल्यांदा बोटं अडखळली. चौथ्या वेळेला त्यांनी डोळे मिटले आणि चार मिनिटांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलं. स्टुडिओवाला म्हणत होता की एक तुकडा घेऊ आणि तोच पुढे चिकटवत नेऊ, सगळे तसंच करतात. बाबा म्हणाले, "येक पावल टाकून पोलादपूर येतं काय?" मग त्यानं अख्खं गाणं तसंच ठेवलं. पाणी पिऊन, ढोल खांद्याला लावून बाबा दुपारची गाडी पकडायला गेले.

ते गेल्यावर मी पडदा पाहिला. आडव्या रेघांवर त्यांचे ठोके ठिपक्यांसारखे ओळीनं बसलेले. खाली प्रत्येक ठोक्याची एकेक उभी काडी. जितका जोर, तितकी काडी उंच. याला व्हेलॉसिटी म्हणतात, असं त्यानं सांगितलं. जोराचा आकडा, एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. बाबांच्या काड्या मोडक्या कुंपणासारख्या होत्या. एक उंच, दोन मधल्या, एक इतकी बुटकी की दिसायची नाही.

"ह्या बारक्या का?"

"बोट नीट लागलं नसेल. सवय नाही त्यांना."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला तेच ऐकायचं होतं. आमच्या गाण्यात बुटकं काय म्हणून? सरकारच्या दारात जाताना कुणी कुजबुजतं का?

"वर घे सगळ्या," मी म्हटलं.

"किती?"

"जास्तीत जास्त किती असतं?"

"एकशे सत्तावीस. ताई, पण कानाला फाटल्यासारखं लागेल."

"लागू दे."

त्यानं सगळे ठोके निवडले, एका चौकोनात आकडा टाकला आणि एक कळ दाबली. कुंपण भिंत झालं. एवढं सोपं. त्यानं ते वाचवलं, संगणक बंद केला, कारण भारनियमनाची वेळ झाली होती. मी जिना उतरले तेव्हा माझी छाती पुढे होती.

सीडी पहिल्यांदा बिरवाडीच्या नाक्यावर वाजवली. तिथे एमआयडीसीतले कामगार खोल्या घेऊन राहतात, कुणी सांगलीचा, कुणी नांदेडचा, कुणी पार उत्तरेकडचा. पाळी सुटली होती. लोक थांबले, मान हलवायला लागले, दोघं-तिघं नाचलेसुद्धा. एकानं विचारलं, "ताई, गणपतीला मिळेल का ही?" भाऊ खूश. मी तर काय, आकाशात.

दुसऱ्या दिवशी जीप कापड्याला गेली.

गावात शिरताना भोंगा पूर्ण सोडला होता. पहिल्याच घरातून एक बाई पळत बाहेर आली. तिच्या हातात बूड गेलेली बादली आणि तुटकी घागर.

"थांब रे," ती ड्रायव्हरला म्हणाली, "जुनं पलास्टिक घेतंस काय?"

"मावशी, ही मोर्चाची गाडी," मी खाली उतरून सांगितलं.

"व्हय? मला वाटलं टबवाला." तिनं भोंग्याकडे बघितलं. "मंग असं काय वाजवताव?"

पुढच्या आळीत तेच. कुणाला सेलची गाडी वाटली, कुणाला निवडणुकीची. वरच्या वाडीतली माणसं खाली बोलावली होती, ती शाळेच्या पटांगणात उभी राहिली. गाणं सुरू झालं. पहिली ओळ झाली. उत्तराची जागा आली. ढोल वाजत राहिला, ठण ठण ठण ठण, आणि जागा निघून गेली. कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वेळेला एक म्हातारी भलत्याच ठिकाणी 'येणार कधी' म्हणाली, एकटीच, आणि तोंडाला पदर लावून मागे सरली. तिसऱ्या वेळेला लोक आमच्याकडे बघत होते आणि आम्ही लोकांकडे. रस्ता त्यांचा, शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातले. मला राग आला. मी मनात म्हटलं, यांनाच काही पडलेली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण म्हटलं हे खरं.

बाबा चहाच्या टपरीवर बसले होते. भोवती चारपाच जण.

"बाबा, तुमचा ढोल तर टब इकतोय की," एकजण म्हणाला.

"बाबांना बादली फुकाट मिळंल आता."

"आरं, मशीनमधी गेल्यावर असंच होतं. आमचा पोरगा मुंबयला गेला, त्याची पन चाल बदलली."

बाबा हसले नाहीत. मी जवळ गेले तर जागा दिली, बशी पुढे केली, पण बघितलं दुसरीकडेच.

"बाबा, काय झालं?"

"ह्यो मी नाय," ते म्हणाले.

"तुम्हीच वाजवलंय की. एक ठोका बदललेला नाही."

"ठोकं माजं हायत. हात माजा नाय."

मग त्यांनी टपरीच्या फळीवर वाजवून दाखवलं. उजव्या हाताची दोन बोटं काठीची, डावा तळवा. एक मोठा, दोन साधे, आणि मग डावा तळवा त्यांनी फळीवर नुसता टेकवला. जेमतेम आवाज झाला.

"हितं हात ठेवायचा. मारायचा नाय. हितं पालखी वाकते. भोई खांदा बदलतात, बाया गानं उचलतात. तुमी हितं बी धोपाटलाव. मंग मानसानं शिरायचं कुठून?"

बाबांनी गावभर सांगितलेलं, आणि गावाला भोंग्यातून जे ऐकू आलं ते कुणाचंच नव्हतं. बिरवाडीत ते चाललं, कारण तिथे प्रत्येकजण दुसरीकडून आलेला. कुणाचाच नसलेला बाजा तिथे सगळ्यांना चालतो. इथे चालत नाही. इथे आधी विचारतात, तू कुणाचा?

"त्या पोऱ्यानं केलन काय?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हणू शकले असते. स्टुडिओवाला महाडात होता, ऐकायला येणार नव्हता.

"मीच सांगितलं त्याला. मला वाटलं, जोरात हवं."

मी म्हटलं, उद्या चला, परत वाजवा, जसं आहे तसं ठेवू.

"मी वाजवलंय येकदा. परत कशाला? तू बिघाडलंस, तूच बशीव."

"मला वाजवता येत नाही बाबा."

"बिघाडताना येत व्हतं?"

शेवटी ठरलं असं की बाबा येऊन शेजारी बसतील, पण पट्टीला हात लावणार नाहीत.

मोर्चाला पाच दिवस होते. स्टुडिओवाल्यानं आधी कपाळाला हात लावला. मूळ जोर परत आणायची एक कळ असते, पण फाइल एकदा बंद केली की ती कळ चालत नाही. वेळ तीच राहिली होती, कुठला ठोका कधी पडला ते सगळं जागेवर. फक्त जोर सपाट. म्हणजे एकेक काडी धरून हातानं खाली ओढायची. चार मिनिटांच्या गाण्यातली प्रत्येक काडी. आणि वीज येईल तेवढ्याच तासांत.

"ताई, कुणाला कळणार नाही हे," तो म्हणाला. "उलट एकसारखं असलं की प्रोफेशनल वाटतं. मुंबईवाले मुद्दाम करून घेतात."

"मुंबईवाल्यांना मोर्चा न्यायचा नाही वाडीतून."

त्यानं माउस माझ्याकडे सरकवला. पहिल्या दिवशी तो लांब बसून वर्तमानपत्र वाचत होता, हे इथे नोंदवते. तिसऱ्या दिवशी त्याच माणसानं माझ्या हातून माउस हिसकावून घेतला होता, कारण मी एक काडी चुकीची ओढली असं त्याचं म्हणणं.

बाबा स्टुलावर बसायचे आणि मांडीवर वाजवायचे. मी ऐकायची, आकडा टाकायची, चालवून दाखवायची. आकडे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणायचे, "हा ठेव." मी वीस टाकायची. "मेला. थोडा जित्ता कर." तीस. "हां. आता बोलला." दोन तासांत आमची एक भाषा झाली. ठेवलेला म्हणजे तीसच्या आसपास. सांगून मारलेला म्हणजे सत्तर-ऐंशी. चालता ठोका म्हणजे मधला, पण दोन चालते कधीच सारखे नाहीत. पहिला साठ असेल तर दुसरा छप्पन, नाहीतर बाबा मान हलवायचे. मला वाटायचं हे काय चाळे, चार आकड्यांनी काय फरक पडतो. मी गुपचूप दोन्ही साठ करून वाजवलं. पडदा त्यांना वाचता येत नव्हता, डोळे खिडकीबाहेर होते.

"आळस केलास, बाय," ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. संगणकातला हळू ठोका हा मोठ्या ठोक्याचा बारीक आवाज नसतो. त्याचा आवाजच वेगळा असतो, कारण बनवणाऱ्यानं खरा ढोल हळू वाजवून तो निराळा भरून ठेवलेला. आम्ही सगळं एकशे सत्तावीस केलं होतं तेव्हा तो आवाज आत होता आणि एकदाही बाहेर आला नव्हता. मी त्याला बोलूच दिलं नव्हतं. संघटनेच्या बैठकीत कोपऱ्यात बसणाऱ्या बायकांना आम्ही जसं करायचो तसंच. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, पण आता लिहिते.

"बाबा, रागानं मारायचे किती?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. माझ्या मनात होतं की एकशे सत्तावीस कुठेतरी असायलाच हवा. मोर्चा आहे, कीर्तन नाही.

त्यांनी गाणं पहिल्यापासून ऐकलं. बोटं मोजली.

"तीन."

"तीनच?"

"जास्ती राग आला की पालखी पडते. मंग देवच राग धरतो."

तीन दिले. मी पाच मागितले होते. घासाघीस चालली तेव्हा स्टुडिओवाला हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

त्याच दुपारी भाऊ आले. जिना चढून दमले होते, त्यात मला माउस धरून बसलेली बघितलं.

"काय चाललंय? दोन दिवस जीप उभी आहे. पोलादपूरच्या बाजारात वाटायचं मोर्चाचं पत्रक कुठंय?"

"ठोके बसवतेय."

"सीडी तयार आहे. बिरवाडीत लोक नाचले."

"मोर्चा बिरवाडीतून नाही."

"अगं, लोकांना काय कळतंय ठोक्यातलं? शब्द पोचले म्हणजे झालं."

बाबा तिथेच बसले होते. भाऊंनी त्यांना वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, ते माणूस म्हणून वाईट नाहीतच. पण हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. लोकांना काय कळतंय अंदाजपत्रकातलं. लोकांना काय कळतंय नकाशातलं. बांधकाम खात्याचा साहेब आम्हाला हेच म्हणाला होता, रस्ता कागदावर दाखवून. आणि आम्ही त्याच्या विरुद्ध मोर्चा काढत होतो.

"शब्द पोचले नाहीत," मी म्हटलं. "पटांगणात एका म्हातारीनं उत्तर दिलं आणि लाजून गेली. तुम्ही होतात तिथे. तुम्ही बघितलंत. त्यांना कळत नाही असं नाही, आपण चुकीचं वाजवलं ते त्यांना कळलं."

"तू संघटनेत आहेस का वाजंत्रीत?"

"दोन्हीत. हे होईपर्यंत पत्रक मिळणार नाही."

"म्हणजे धमकी देतेस?"

"हो."

स्टुडिओवाल्यानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. भाऊ उभे राहिले, परत बसले. त्यांनी रुमालानं मान पुसली. मग बाबांकडे वळून विचारलं, "बाबा, खरंच एवढा फरक आहे?"

"तुमी भाषान करताव," बाबा म्हणाले, "मधी थांबत नाय काय टाळीला?"

भाऊ थोडा वेळ बसले, आम्ही एक ओळ पुरी केलेली ऐकली, चहा सांगितला आणि गेले. पटलं का, माहीत नाही. पण जीप त्यांनी आणखी दोन दिवस थांबवली, आणि मोर्चाचं पत्रक स्वतः लिहिलं. फार वाईट लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

सीडी मोर्चाच्या आदल्या दिवशी सकाळी निघाली. जीप घेऊन आम्ही परत कापड्याला गेलो. मी भोंगा निम्म्यावर आणायला सांगितला. ड्रायव्हरनं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईला ताप आलाय. पुलावरून गाडी वळली आणि गाणं सुरू केलं.

बादलीवाली मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता आत हाक मारली, "आगो, बाबाचा बाजा आला. हा कसा आला आता? शिमगा हाय काय?" आणि मग सूप हातात घेऊनच बाहेर आली. पुढच्या घरातून दोघी. शाळेपर्यंत जाईस्तोवर जीपमागे वीस-पंचवीस माणसं होती आणि आम्ही त्यांना अजून काही सांगितलंही नव्हतं. ओळ झाली. बाबांचा तळवा टेकला. त्या टेकण्याच्या आतच बायका शिरल्या, 'येणार कधी गो, येणार कधी', सगळ्या एकदम, कुणी शिकवलं नव्हतं. रागाचे तीन ठोके आले तेव्हा पुरुषांचे पाय आपोआप आपटले. तिन्ही वेळा. पाच असते तर काय झालं असतं, मी विचार केला नाही.

बाबा टपरीवरच होते. त्या दिवशीचेच चार जण भोवती.

"बाबा, हात वाटतोय," एकजण म्हणाला.

"वाटतोय काय. हाय," बाबा म्हणाले आणि चहा ओढला. मग माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शेवटच्या कडव्यात दोन ठेवलेलं चुकलीस."

"सांगितलं का नाही मग तिथे?"

"वीज गेली व्हती."

दुसऱ्या दिवशी वाडी उतरली. रिकामी झाली म्हटलं तरी चालेल. एक आंधळे आजोबा आणि गुरं तेवढी मागे. कापड्यातून पोलादपूरपर्यंत जीप पुढे, बाबा तिच्या मागच्या चाकाशी चालत. आत बसा म्हटलं तर ऐकलं नाही. कचेरीच्या दारात तहसीलदार साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं, आश्वासन दिलं. आश्वासन कसं देतात ते रायगडात कुणाला सांगायला नको. पाहणीला माणूस आला, नंतर खडी आली, नंतर खडी थांबली. त्यावर मी पुढे बरीच पत्रकं लिहिली, ती भांडणं वेगळी.

पण गाण्याचं पुढे झालं ते सांगायला हवं. मोर्चा गाजला, तसा जिल्ह्याच्या कमिटीकडून निरोप आला. तीच चाल, तोच ढोल वापरू, फक्त शब्द बदलू; किनाऱ्यावरच्या तालुक्यांत दुसरा प्रश्न आहे, तिथे फिरवू. जरा एकसारखा करून द्या, म्हणजे कुठेही चालेल. भाऊ निरोप घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फाइल दे. स्टुडिओवाला म्हणतो तू सांगितल्याशिवाय देणार नाही."

"बाबांना विचारलं?"

"त्यात विचारायचं काय? चळवळीचंच आहे सगळं."

मी पहिली गाडी धरून कापड्याला गेले. बाबा शेतात होते, पावट्याच्या शेंगा तोडत. मी बांधावर उभं राहून सांगितलं, जिल्ह्याला तुमचा ढोल हवाय. एकसारखा करून. मला वाटलं होतं ते खूश होतील, नाहीतर चिडतील. दोन्ही झालं नाही. त्यांना खरंच कळेना. शेंगांची टोपली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "का, त्यांच्याकडं वाजवणारा मेला काय?"

"नाही बाबा. असतील की."

"मंग त्याला बोलवा. त्याचा हात घाला. माजा कशाला? तितल्या मानसांनी माज्या मागनं का यावं?"

आणि परत शेंगा तोडायला लागले. मी निघाले तेव्हा माझ्या पदरात बचकभर घातल्या.

मी महाडला येऊन जिल्ह्याला पत्र लिहिलं. पत्रकासारखं नाही, साध्या अक्षरात, चार ओळी. फाइल देणार नाही. तुमच्या तालुक्यातला वाजवणारा शोधा, त्याला आमच्या स्टुडिओत पाठवा, पाहिजे तर मी शेजारी बसते. त्याच्या काड्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. जिल्ह्याच्या बैठकीत ते पत्र वाचून दाखवलं गेलं आणि माझ्यावर शिस्तभंगाचा ठराव आला. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत. मी त्याच वेळी विरोधात माझा हात वर केला आणि त्यांच्यातला शेवटचा माणूस हात खाली करेपर्यंत वरच ठेवला.